हिरव्या अक्षरांचे कोडे

मेंदू आणि गोंदण! एक कवटीच्या पेटीत कडीकुलपात ठेवलेला, तर दुसरे दंडावर, कपाळावर, हनुवटीवर उघड्यावर मांडलेले. या दोघांची सोयरीक जुळवायला निघालेली ही बाई कोण, असे वाचकांना वाटेल. पण सोयरीक मी जुळवलेली नाही, ती निसर्गानेच जुळवून ठेवली आहे. आईच्या पोटात गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो, तेव्हा त्याच्या बाहेरच्या थराचा एक पट्टा आत वळतो, त्याची नळी होते आणि त्या नळीतून पुढे मेंदू व पाठीचा कणा यांतील मज्जा तयार होते. थराचा जो भाग बाहेरच राहतो त्याची वरची कातडी होते. म्हणजे मेंदू आणि कातडी ही सख्खी भावंडे. एक घरात राहिले, दुसरे दारावर पहाऱ्याला उभे राहिले, एवढाच फरक. दारावरच्याला जरा टोचले की घरातला ओरडतो, ते उगीच नाही!

माझा विषय मराठी. मेंदूशी माझा संबंध विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना येतो तेवढाच. परंतु माझे सासर गोरेगावचे. मुंबईकरांनी लोकलगाडीची आठवण काढू नये. हे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आम्ही परभणीकर होतो आणि १९४८ पर्यंत निजामाचे रयत. भोवती हळदीचा मुलूख, आणि थोडे पुढे गेले की वऱ्हाड लागते. या गावात सत्तरी ओलांडलेल्या बायकांचे हात पाहावेत. तुळशीवृंदावन, लक्ष्मीची पावले, विंचू, मोर, कुठे नुसतीच ठिपक्यांची ओळ. चोळीची बाही संपते तिथून मनगटापर्यंत जणू दुसरे पातळ नेसलेले! दागिने मेल्यावर काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत माझ्या आजेसासूबाईंपासून सर्वांकडून मी ऐकली आहे. ज्यांच्या अंगावर दागिना फारसा कधी चढलाच नाही त्यांची ही समजूत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यातले दुःख कळते.

गोंदणारीण गावात आली की पोरींना ओसरीवर बसवीत. दिव्याची काजळी, त्यात कसल्याशा पाल्याचा रस, आणि दोऱ्याने एकत्र बांधलेल्या दोनचार सुया, एवढेच तिचे भांडवल. ती पोरीचा हात गुडघ्याखाली दाबून धरी, कातडी ताणी आणि तोंडाने गाणे म्हणत टोचू लागे. काम झाले की वर हळद आणि तेल. काजळी काळीकुळकुळीत असते. पण महिन्याभराने पाहावे तर गोंदण हिरवे निळे! लहानपणी मला वाटे की तो पाल्याच्या रसाचा गुण. तसे नाही. काजळी कातडीच्या आतल्या थरात, मिलिमीटर दीड मिलिमीटर खोल बसलेली असते. वरून पडणारा प्रकाश कातडीत शिरताना विखुरतो. निळसर भाग लवकर मागे फिरतो आणि तांबडा खोल जाऊन काजळीत गडप होतो. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात त्यातही या विखुरण्याचा हात आहे. शिरेतले रक्त काही निळे नसते.

आता फराळाची ताटे बाजूला सारून एक घरगुती प्रयोग करून पाहा. दोन टाचण्या घ्या, त्यांची टोके तीन मिलिमीटर अंतरावर धरा आणि डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या पेरावर हलकेच टेकवा. तो म्हणेल, दोन टाचण्या. त्याच टाचण्या त्याच अंतराने पाठीवर टेकवा. तो छातीठोकपणे सांगेल, एकच. पाठीवर दोन टोके दोन म्हणून कळायला अंतर जवळजवळ चार सेंटिमीटरपर्यंत वाढवावे लागते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ साली असले प्रयोग करून ते छापले. त्याचे कारण पुढे शंभर वर्षांनी कॅनडातील माँट्रियल येथे पेनफिल्ड या शल्यविशारदाने नकाशाच्या रूपात दाखवले. तो रोग्याची कवटी उघडी असताना रोग्याला जागा ठेवी, मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा बारीक स्पर्श करी आणि विचारी, कुठे काय वाटते? कुणी सांगे, अंगठ्याला मुंग्या आल्या. कुणी सांगे, ओठाला. असे करता करता त्याच्या ध्यानात आले की मेंदूवर साऱ्या शरीराचा नकाशा काढलेला आहे, पण तो फार पक्षपाती आहे. ओठ आणि बोटे यांना तालुक्याएवढी जागा, आणि एवढी थोरली पाठ एका गल्लीत कोंबलेली! त्या नकाशाप्रमाणे माणूस घडवला तर पंजे सुपाएवढे, ओठ भाकरीएवढे आणि धड बाहुलीचे होईल.

रोगी जागा कसा राहतो, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. साऱ्या अंगाच्या वेदना ज्याच्यामुळे कळतात त्या मेंदूच्या गाभ्यात वेदना जाणणारे तंतूच नाहीत. कवटीवरची कातडी बधिर केली की पुढे मेंदूला हात लावला तरी दुखत नाही. घरातल्या साऱ्यांची दुखणी ऐकणारी आणि स्वतःचे न सांगणारी एखादी मोठी सून असते ना, त्यातला प्रकार! एवढे मात्र खरे की सुनेपेक्षा मेंदूची बडदास्त चांगली असते. वजनाने तो जेमतेम तेराचौदाशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा; पण आपण स्वस्थ बसलेलो असताना खर्च होणाऱ्या शक्तीचा पाचवा भाग एकटा फस्त करतो. दिवाळीतल्या पाच करंज्यांपैकी एक त्याची, असे समजावे.

सुई टोचली की मेंदूकडे दोन निरोप निघतात. एक जलद तंतूंवरून, सेकंदाला पाचपंचवीस मीटर वेगाने. तो सांगतो, टोचले! दुसरा बारीक, उघड्या तंतूंवरून सेकंदाला मीटरभर रखडत येतो. तो जळजळ घेऊन येतो. तार आधी आणि मागून सविस्तर पत्र, असा हा कारभार. आणि गोंदणारीण हात घट्ट दाबून चोळत का असे, गाणे का म्हणे, याचे उत्तर इथेच आहे. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी असे मांडले की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर एक दरवाजा असतो. दाबाचे, चोळण्याचे निरोप मोठ्या तंतूंवरून आले की तो दरवाजा निम्मा लोटला जातो. मेंदूही वरून तो लोटू शकतो, विशेषतः त्याचे लक्ष दुसरीकडे गुंतले असेल तेव्हा. या कल्पनेत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकून आहे. पडलेल्या पोराचा गुडघा चोळत ‘मुंगी मेली, मुंगी मेली’ म्हणणाऱ्या आयांना हे शास्त्र पूर्वीपासूनच येत होते, फक्त त्यांनी ते छापले नाही.

आपल्याकडे दुखऱ्या सांध्यावर गोंदून घेण्याचीही चाल होती. ती अडाणीपणाची म्हणून हसण्यापूर्वी युरोपातील एका पूर्वजाची भेट घ्यावी. १९९१ साली आल्प्स पर्वतात, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सरहद्दीवर, बर्फात गोठलेले एका माणसाचे प्रेत सापडले. ते सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे निघाले. त्याच्या अंगावर ६१ गोंदणे मोजली गेली आहेत, सगळी साध्या रेघांची आणि फुल्यांची. त्यांतली बरीचशी कंबर, गुडघे, घोटे अशा ठिकाणी. आणि क्ष-किरणांनी पाहता त्यांतले कित्येक सांधे झिजलेले. त्याने शोभेसाठी गोंदले असते तर ते कमरेमागे, जिथे स्वतःला दिसतही नाही तिथे, कशाला काढले असते? उपाय म्हणूनच ते केले असावे, असे पुष्कळ संशोधकांना वाटते. मलाही तसेच वाटते. गुडघा दुखायला लागला की माणूस चित्रकला विसरतो.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर चकित केले ती सांगते. गोंदण पुसत का नाही? वरची कातडी तर महिना दीड महिन्यात झडून नवी येते. ‘काजळी खोल जाते म्हणून’ हे उत्तर अर्धेच आहे. अंगात परकी वस्तू शिरली की तिला गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी धावून येतात. काजळीचे कण त्या गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. पोटात काळे घेऊन त्या बिचाऱ्या तिथेच बसून राहतात. काही कण लसिकेच्या प्रवाहाबरोबर पुढे जाऊन काखेतल्या गाठींत अडकतात. हात गोंदलेल्यांच्या त्या गाठी आतून रंगलेल्या आढळतात. पूर्वी वाटे की कातडीतल्या या पेशी जन्मभर जगत असाव्यात. २०१८ साली फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांच्या शेपट्या गोंदल्या आणि मग त्यांतल्या भक्षक पेशी मुद्दाम मारून टाकल्या. गोंदण पुसायला हवे होते. ते होते तसेच राहिले! मेलेल्या पेशीच्या पोटातून काजळी बाहेर पडली आणि शेजारी नव्याने आलेल्या पेशीने ती गिळली. म्हणजे गोंदण हे दगडावरच्या लेखासारखे नाही. ते वारकऱ्यांच्या खांद्यावरच्या पताकेसारखे आहे. खांदे बदलतात, पताका तीच.

आणि मेंदू? तिथे नेमके उलटे. मेंदूच्या वरच्या सालीतल्या चेतापेशी बहुतांशी आपल्याच वयाच्या असतात; जन्माच्या सुमारास मिळाल्या तेवढ्याच, बदली माणूस येत नाही. पण त्यांच्यावर लिहिलेला मजकूर मात्र पक्का नसतो. २००० साली उंदरांवरच झालेल्या प्रयोगांतून असे दिसले की जुनी आठवण जागी केली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते आणि तिला नव्याने बसावे लागते. आपण एखादी गोष्ट ‘जशीच्या तशी’ आठवतो असे म्हणतो, तेव्हा बहुधा मागच्या वेळी सांगितलेली गोष्ट आठवत असतो. माहेरच्या तुपाची चव दरवर्षी वाढत का जाते, याचा उलगडा इथे व्हावा! शांता शेळके यांनी १९७५ सालच्या आपल्या कवितासंग्रहाला ‘गोंदण’ हे नाव दिले. ‘मनावर गोंदलेले’ असे आपणही सर्रास म्हणतो. शास्त्राच्या काट्यावर तोलले तर मनावर काही गोंदलेले नसते, ते पाटीवर लिहिलेले असते. काही मजकूर मात्र पाटीवरसुद्धा फार खोल रुततो, असे मला गोरेगावात पाहायला मिळाले.

माझ्या आजेसासूबाईंना घरात सगळे ‘मोठी माय’ म्हणतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. चारपाच वर्षांपूर्वी त्या चूल विसरल्या, मग वाट विसरल्या, मग माणसे. डॉक्टरांनी सांगितले की हा अल्झायमरचा आजार. अलीकडे त्या हाकेलाही ओ देईनाशा झाल्या. लग्नात त्यांचे नाव बदलले होते, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे. सत्तर वर्षे कागदोपत्री चालले ते हे सासरचे नाव. त्या नावाने हाक मारली तर त्या दुसऱ्या कुणाला बोलावीत असावेत तशा बघत. ‘माय’ म्हटले तरी तेच. जेवायला बसवणे, उठवणे, रात्री अंगणाबाहेर निघाल्या तर थांबवणे, सगळेच हात धरून करावे लागे आणि हात धरला की त्या घाबरून ओरडत. माझ्या सासूबाई स्वतः सत्तरीच्या. त्या या धरपकडीने पार थकून गेल्या होत्या.

गेल्या मार्च महिन्यात मी तिकडे होते. हळद शिजवण्याचे दिवस. वाळत घातलेल्या हळकुंडांत हात घालून मोठ्या मायने दोन्ही हात पिवळे करून घेतले होते. मी त्यांचे हात धूत होते. डाव्या हाताला, कोपराच्या खाली आतल्या अंगाला एक आडवी रेघ आणि तिच्याखाली लोंबणारी वळणे आहेत. घरातले सारे तिला वेल म्हणतात. मीही ती वेल म्हणून अनेकदा पाहिली होती. त्या दिवशी पाण्याने भिजलेल्या हातावर, उन्हात, ती मला वेलीसारखी दिसेना. आधी एक सलग रेघ ओढून मग तिला अक्षरे टांगायची, ही रीत कुणाची? मोडी लिहिणाराची! एम.ए. करताना मी मोडी शिकले होते. ऐंशी वर्षांत शाई पसरून वळणे फुगली होती, आणि मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे दोन तऱ्हांनी वाचता येत होते. पण अक्षरे तीन, आणि ते एका मुलीचे नाव होते. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचे आहे.

मी ते सहज मोठ्याने वाचले. मोठ्या मायने मान वर केली आणि म्हणाल्या, “ओ!”

मामंजींना, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाला, मग हळूहळू आठवू लागले. मामांच्या तोंडून लहानपणी कधीतरी ऐकलेली हकीकत. रझाकारांच्या धामधुमीत कितीतरी कुटुंबे रातोरात सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली, त्यांत मोठ्या मायचे माहेरही होते. गर्दीत पोर हरवली तर नाव तरी कळावे, म्हणून वडिलांनी शाळेच्या मास्तरांकडून मुलीच्या हातावर शाईने नाव लिहून घेतले आणि गोंदणारणीने त्यावरून सुई चालवली. तिला अक्षर येत नव्हते, मुलीलाही नव्हते. मास्तरांनी जे वळण दिले ते तिने गिरवले. मुलगी हरवली नाही. पुढे तिचे लग्न झाले, नाव बदलले, मोडी वाचणारी माणसे गेली आणि नावाची वेल झाली.

स्वतःच्या नावाला मेंदूत काही निराळाच मान असतो. चारपाच महिन्यांचे मूल, ज्याला अजून एका शब्दाचा अर्थ कळत नाही, ते स्वतःच्या नावाचा आवाज इतर नावांपासून वेगळा ओळखते. १९५९ साली मोरे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने (आडनाव आपले वाटले तरी गृहस्थ तिकडचे!) एक मजेचा प्रयोग केला. माणसाच्या एका कानात एक मजकूर चालू ठेवायचा व तो त्याने मोठ्याने म्हणत राहायचे. दुसऱ्या कानात काहीही बोलावे, त्याला पत्ता लागत नाही. पण त्या दुसऱ्या कानात त्याचे नाव घेतले की पुष्कळदा चित्त तिकडे जाते. लग्नाच्या मांडवात शंभर जणांच्या गलबल्यात पलीकडे कुणी आपले नाव काढले की आपले कान टवकारतात ना, तेच.

आणि विसरण्यालाही क्रम असतो. फ्रान्सच्या रिबो या पंडिताने १८८१ सालीच लिहून ठेवले की स्मृती ढासळू लागली की नवे आधी जाते, जुने मागून. याचे एक कारण असे, की नवी आठवण पक्की करण्याचे काम मेंदूच्या आतल्या बाजूस असलेल्या, समुद्रघोड्याच्या आकाराच्या एका छोट्या भागाकडे असते आणि अल्झायमरचा घाला त्याच्या आसपास सर्वांत आधी पडतो. ज्यांच्यामुळे या रोगाला नाव मिळाले त्या डॉक्टर अल्झायमर यांची पहिली प्रसिद्ध रोगी १९०१ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आली होती, वय अवघे एकावन्न. तिचे कागद हरवले होते, ते १९९५ साली सापडले. डॉक्टर तिला नाव विचारतात, ती सांगते ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचे नाव? तरीही ऑगस्टेच. नवरा गेला, आडनाव गेले, पाळण्यातले नाव तेवढे राहिले. हे वाचले तेव्हा मला कोपराखालच्या त्या तीन अक्षरांची आठवण झाली नसती तरच नवल. मोठ्या मायचे सासरचे नाव सत्तर वर्षांचे, पण ते वरचे लिंपण. माहेरचे नाव दहाबारा वर्षेच वापरले गेले, पण ते पायातले.

गोरेगावातली तरुण मुलेही आज गोंदतात. आता सुया दोऱ्याने बांधाव्या लागत नाहीत. १८९१ साली न्यूयॉर्कच्या ओरायली याने एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून गोंदण्याचे यंत्र बनवले, त्याचे नातवंड-पणतवंड आता जत्रेत बॅटरीवर घुमते. त्यांना मी नको म्हणत नाही, दोनच गोष्टी सांगते. सुई आपल्यासमोर नवी उघडलेली असावी, कारण एकाच सुईने दहा हात गोंदले तर काविळीचे आणि त्याहून भयंकर विषाणू हातोहात फिरतात. म्हणूनच गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करू देत नाहीत. आणि सैन्यभरतीला जायचे असेल तर नियम आधी वाचावा. कोपरापुढच्या हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढीच जागा तिथे साधारणपणे चालते. दंडावर प्रेयसीचे नाव घेऊन गेलेला गडी धावण्यात पहिला येऊनही परत येऊ शकतो. लेझरने ते काढता येते, पण एका बैठकीत नव्हे. किरणांनी कण फोडावेत तर त्यांतले बरेचसे शेजारची पेशी पुन्हा गिळून बसते!

आमच्या घरी मात्र प्रश्न वेगळाच उभा राहिला. नाव सापडले, पण ते घ्यायचे कुणी? मामंजी सत्तरीचे गृहस्थ; आईला एकेरी नावाने हाक मारायची या कल्पनेनेच त्यांचे डोळे भरले. “तिला मी माय म्हणून आठवत नाही, ते चालंल, पर मी तिला नाव घेऊन बोलवू कसा?” असे ते म्हणाले. सासूबाईंनी तर कानांवर हात ठेवले. सासूचे नाव, तेही माहेरचे, सुनेच्या तोंडी! दोन दिवस घरात हीच चर्चा. मी वैद्यकाच्या बाजूने बोलत होते, पण त्यांची अडचण मला खोटी वाटली नाही. हाक हा काही औषधाचा डोस नव्हे. ज्याने आयुष्यभर एका नात्याने बोलावले त्याने ते नाते सोडून हाक मारायची, म्हणजे मायने आपल्याला विसरणे मान्य करायचे. ते दुसऱ्याने पुस्तकातून सांगून होत नाही.

धाकट्या दिरांची मुलगी सात वर्षांची आहे. तिला असले काही अडत नाही. ती अंगणातून धावत आली, पणजीच्या समोर उकिडवी बसली आणि मैत्रिणीला मारावी तशी हाक मारली. मोठी माय उठल्या, तिचा हात आपण होऊन धरला आणि जेवायला गेल्या. तेव्हापासून जेवणाची वेळ झाली की या मुलीला शाळेतून किंवा खेळातून बोलावणे जाते. मामंजी त्या वेळी ओसरीवर बसतात, पाठ करून. परवा फोनवर दीर म्हणाले की अलीकडे ते पाठ करीत नाहीत.